पप्पांना घातलेला हार

"मी तर पप्पांना हार घातलाय," पोळीचा घास तोंडात कोंबत स्वराज म्हणाला.

सुलक्षणाचं उलथनं तव्यावरच राहिलं. "कसला हार?"

"कार्डावर! बाई म्हणल्या, जवानांना थँक यू म्हणा, दिवाळीच्या शुभेच्छा द्या. मी पप्पांचं चित्र काढलं. मोठ्ठा झेंडूचा हार आन् दोन पणत्या. फाट्यावर ज्योतिबाकाकांचा हाय ना, तस्सा." घटाघटा पाणी पिऊन त्यानं विचारलं, "मम्मी, पप्पांचा फोटू कवा लागणार गं फाट्यावर?"

पोळीचा करपट वास आला तेव्हा तिनं गॅस बंद केला.

पावसाळ्यात गावचा ज्योतिबा तिरंग्यात गुंडाळून आला, तेव्हापासून मांडवगणच्या फाट्यावर त्याचा फ्लेक्स होता. ती तिकडं बघायचीच नाही. वेळ असला तर कालव्याच्या चारीकडच्या रस्त्यानं लांबून जायची. दुसरीतलं पोर मात्र रोज शाळेला जाताना तो बघत होतं. जवानाचा मान म्हणजे हार आणि पणत्या, असंच त्याला वाटणार. दुसरं चित्र त्याला दाखवलं होतं कुणी?

स्वराजच्या पप्पांचा, संपतचा, फोन रविवारपासून नव्हता. "रेंज नसंल," असं घरात सगळे एकमेकांना सांगत होते.

आणि कार्डं कुठल्या अनोळखी छावणीत जाणार नव्हती. हौसरावमामांचा माऊली संपतच्याच पलटणीत होता. रजा संपवून तो आज दौंडहून गाडी धरणार होता, शाळेनं कार्डांचं खोकं त्याच्याच हवाली केलेलं. कार्ड थेट संपतच्या हातात पडणार. तिनं माऊलीला फोन लावला. बंद.

"एवढ्या उन्हाची कुठं निघालीस?" पडवीत शेंगा फोडत बसलेल्या सोजराबाईंनी विचारलं.

"दौंडला. कार्ड परत आणते स्वराजचं."

"अगं, पोराचं चित्र ते. त्याला काय कळतंय?"

"आई, ह्यांच्या फोटोला हार घातलाय त्यानं."

सासूबाईंचे हात थांबले. सूप बाजूला सारून त्या उठल्या, खुंटीवरची स्कूटीची चावी काढून सुनेच्या हातात दिली. "नीट जा," एवढंच म्हणाल्या.

रस्त्यात उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. मागं दोन ट्रॉल्या, टेपवर ढणाढणा गाणं. पुढं काढायला जागा नाही. तेवढ्यात समोरच्या कप्प्यातला फोन थरथरला. अनोळखी नंबर. असे फोन कसे येतात, ते ज्योतिबाच्या घरी तिनं ऐकलं होतं. तिनं स्कूटी कडेला घेतली आणि फोन उचलला.

"मॅडम, आपके नंबर पर स्पेशल ऑफर…"

तिनं फोन कापला. बराच वेळ तिला किक मारता येईना. मग सेल्फ स्टार्ट आहे हे आठवलं.

दौंडला गाडी लागलेली होती. माऊली डब्याच्या दारातच सापडला, हातात चहाचा कप.

"वहिनी! फोन पार झोपलाय माझा, डब्यात चार्जिंगला लावलाय. लाडू द्यायचे ऱ्हायले व्हय? द्या, वाटंतच संपवतो. दादाला कशाला सांगताय?"

"भाऊजी, खोकं उघडा. दुसरीचा गठ्ठा काढा."

तिच्या तोंडाकडं बघून त्यानं कप फेकला. प्लॅटफॉर्मवरच त्यानं दातांनी चिकटपट्टी तोडली. दुसरीच्या गठ्ठ्यात कंदील होते, तिरंगे होते, रणगाडे होते. आणि हार घातलेले जवान निघाले, एक नाही, चार. चौथा स्वराजचा. मिशीवरून तिनं ओळखला.

माऊली हसला नाही. बाकीची तीन कार्डं त्यानं घडी न घालता शर्टाच्या आत सरकवली. "ही माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या. तुमचं फाडा, वहिनी."

तिनं कार्ड दोन्ही हातांनी धरलं. मागं स्वराजनं आपला पंजा ठेवून पेन्सिलीनं गिरवला होता, खाली लिहिलं होतं, थँक यू पप्पा, लवकर या. करंगळी जरा वाकडी आली होती. बापासारखी.

"भाऊजी, तिथं थंडी पडली का?"

"पडली की. कान गळून पडत्यात."

"पेन आहे?"

माऊलीनं खिशातलं निळं पेन दिलं. खोक्यावर कार्ड टेकून ती झेंडूचे गोळे गिरवू लागली. उभ्या रेघा, आडव्या रेघा, टोकाला गोंडे. गाडीनं शिट्टी दिली. केशरी रंग काही केल्या झाकला जाईना, तिनं पेन दाबलं, कागद एके ठिकाणी फाटला.

"वहिनी, चला, हलली!"

"थांबा!" पणत्या राहिल्या होत्या. तिनं त्यांना कान काढले, वाफा काढल्या. चहाचे दोन कप. कार्ड खोक्यात टाकून तिनं खोकं त्याच्या हातात दिलं. माऊली पळत डब्यात चढला.

"मफलर झाला!" दारातून तो ओरडला. "दादाला सांगतो, वहिनीनं इणलाय!"

"फोन करायला सांगा!"

त्यानं हात वर केला. ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.

परतताना ती चारीच्या रस्त्यानं गेली नाही. फाट्यावर फ्लेक्सचा एक कोपरा सुटून वाऱ्यावर फडफडत होता, ज्योतिबाचा अर्धा चेहरा मागं दुमडला जात होता. तिनं स्कूटी लावली. सुतळी खांबालाच लोंबत होती. निळ्या शाईच्या बोटांनी तिनं कोपरा ओढून घेतला, दोन गाठी मारल्या आणि चेहरा सरळ झाला का ते बघितलं.

फोन कप्प्यात होता, दिसेल असा.