बिनचित्राची कॅसेट

माणसाने आजारी पडावं, पण इतकं आडमुठं होऊ नये. सकाळपासून चौथ्यांदा यांनी पेजेचा चमचा जिभेने बाहेर ढकलला, आणि डावा हात वर करून तीन बोटं दाखवली. पेज माझ्या मांडीवर.

"काय तीन?" मी ओरडले. "तीन वाजलं न्हाईत. तीन चमचं पोटात गेलं न्हाईत. तीन पोरं मला झाली न्हाईत. कशाचं तीन?"

बोटं तशीच वर.

"आत्याबाई, वरडू नगा," साधना, माझी सून, दारातून म्हणाली. "नानांना कळतंय सगळं."

"कळतंय म्हनूनच वरडती. न कळनाऱ्यावर कोन वरडतं?"

यांच्या अंगावरून वारं गेल्याला बारा दिवस झाले होते. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. त्याचा अर्थ मला फोडून सांगायची गरज नव्हती. या डिंगोरे गावात चाळीस वर्षांत मी सासू पाहिली, दीर पाहिला. घरी आणलेलं माणूस कसं दिसतं ते मला कळतं. जायच्या आधी यांना काहीतरी पाहिजे होतं, आणि ते मला उमगत नव्हतं. नुसत्या खोकल्यावरून चहा पाहिजे की पाणी ते ओळखणारी बाई मी. गल्लीतल्या बाया येऊन अंदाज बांधत होत्या. एक म्हणाली तीन नद्यांचं पाणी, एक म्हणाली लेण्याद्रीच्या गणपतीला तीन नारळ बोलले असतील. माझ्या घरात मला दुसऱ्यांनी सांगावं, ही शरम मला पेजेपेक्षा जास्त चिकटली.

आणि मुकं व्हायचं तर या माणसाने व्हावं? अहो, दगडाला बोलतं करणारं तोंड. हे खोडदला, आभाळातलं ऐकणाऱ्या दुर्बिणीच्या मोठाल्या डिशांवर, जीपचे ड्रायव्हर. साहेबलोकांना या डिशीवरून त्या डिशीवर न्यायचं. ब्याण्णव साली तिथे एक बंगाली साहेब होता. त्याच्या कॅसेटा जीपमध्ये वाजायच्या, परदेशातल्या झिपऱ्या गड्यांच्या. साहेब बदलून गेला आणि कॅसेटांची पेटी यांना देऊन गेला. झालं. इंग्रजीचा शब्द कळत नाही, पण मत प्रत्येकावर. गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातलेल्या जनावरांच्या डॉक्टरलाही हे ऐकवायचे, "डीप पर्पल म्हंजी कसं डॉक्टर, भरल्या ट्रकानं दुसऱ्या गेरात माळशेज चढावा, तसं. इंजन रडत न्हाई, गुरगुरतं." डॉक्टर म्हणे, "रखमाजीभाऊ, आधी शेपूट धरा."

मी मराठी दुसरी शिकलेली. इंग्रजी अक्षर म्हणजे मला मुंग्यांची रांग. त्या कॅसेटा मी चित्रावरून ओळखायची. पिंक फ्लॉइडच्या एका कॅसेटवर नुसती गाय, काळीपांढरी, मागे वळून बघणारी. मी म्हटलं, "गाय चांगलीय. दोन्ही वेळचं मिळून अठरा लिटर देईल. हिच्यापुढं गानं कशाला पायजे?" लेड झेपलिनच्या एका कॅसेटवर पाठीवर मोळी घेतलेला वाकलेला म्हातारा. मी म्हटलं, "डोक्यावर घेतली असती तर कंबर गेली नसती मेल्याची." यावर हे चार दिवस हसले आणि आल्यागेल्याला सांगत सुटले, ठमाचं मत ऐका.

गिटारवाल्यांचे यांनी नंबर लावले होते. पहिला गिलमोर. का, तर तो घाई करत नाही. "दारं धरल्यागत वाजिवतो. एक वाफा भरला की मगच दुसऱ्याचं तोंड फोडतो." दुसरा हेंड्रिक्स. तो डावखुरा, गिटार उलटी धरायचा. "पाट फुटल्यागत येतो, पन पानी शेताभाईर जात न्हाई." ओट्यावर बसून हे एवढं दहा वर्षं ऐकलं. तिसरा कोण ते मी कधी ऐकलं नाही. तोवर मी कपबशा उचलून आत गेलेली असायची.

या नादाचं मला हसू यायचं, ते शहाण्णव सालापर्यंत. आमचा थोरला हौशीराम शेतीत रमला, पण धाकट्या भागूला यांनी आपल्या नादाला लावलं. पुण्याहून गिटार आणून दिली. बापलेक कांद्याच्या चाळीत तासन्‌तास बसायचे. एक दिवस भागू मोटारसायकलवर पुण्याला गेला, गिटारीच्या तारा आणायला. अंधाराच्या आत घरी पोचायचं म्हणून गाडी दामटली, आणि मंचरच्या पुढे ट्रकखाली गेला. एकवीस वर्षांचा. तारांचं पाकीट खिशात तसंच होतं, साधी घडी पडली नव्हती.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी गिटार फोडून चुलीत घातली. वाळलेलं लाकूड, चांगलं जळलं. हे दारात उभे होते. मी म्हटलं, "त्या पोराच्या वाजिवन्याचं नाव ह्या घरात निघालं, तर मी हिरीत उडी टाकीन." मी बोलते ते करते, हे यांना माहीत.

त्यानंतर भागूचं नाव यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. परदेशातल्या गिटारवाल्यांची टकळी मात्र दुप्पट झाली. बापाच्या काळजाचा दगड झाला, असं मी धरून चालले.

तर त्या दिवशी दुपारी साधना म्हणाली, "कॅसेटच मागत असतील." तिने पेटी आणली. वीज गेलेली, म्हणून टेपमध्ये सेल घातले. गाय लावली. यांनी मान फिरवली. मोळीवाला लावला. डोळे मिटले. पेटीतल्या सगळ्या थोड्या थोड्या वाजवून झाल्या. बोटं तीनच.

तेवढ्यात जानकू न्हावी धोकटी घेऊन आला. यांचा जुना दोस्त. बारा दिवसांची दाढी वाढली होती, म्हणून मीच निरोप धाडला होता.

"काय राव, नवरदेवाला फेस लावायचा का?" तो यांच्या कानाशी म्हणाला. पाणी फिरवलं, फेस केला, डावा गाल साफ केला. मग यांनी हात वर केला. तीन बोटं.

जानकूचा वस्तरा थांबला.

"सकाळपास्नं हेच चाललंय," मी म्हटलं. "पेज खायना, पानी घ्यायना. नुसतं तीन."

जानकूने वस्तरा पुसला, मिटला, परत उघडला. "वैनी, ते तिसऱ्या नंबराचं म्हनत्यात."

"कसला नंबर?"

"गिटारवाल्यांचा. पयला गिलमोर, दुसरा हेंड्रिक्स."

"अन् तिसरा?"

"मला शपथ घातलीय त्यांनी. तुमी हिरीत उडी टाकनार म्हनून."

"हीर बुजवून पाच वर्षं झाली, जानकू. बोल."

"भागू," तो म्हणाला.

साधना पेटीत कॅसेटा भरत होती, तिचे हात थांबले. मी यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडेच बघत होते.

"त्यानं एक कॅसेट भरली व्हती," जानकू खाली मान घालून म्हणाला. "चाळीत बसून. अर्धा तास नुसती गिटार. वर विंग्रजीत आपलं नाव लिवलं व्हतं."

"कुठंय ती?"

"तुमच्याकडंच हाय की."

"माझ्याकडं? मला सांग कुठंय!"

"समृद्धीच्या बारशाची कॅसेट हाय न्हवं? तीच ती."

मी जमिनीवर बसले.

अठ्ठ्याण्णव साल. हौशीरामची समृद्धी झाली होती, भागूनंतर घरात पहिला आनंद. माझी नणंद झुंबरबाई पाळणे म्हणायला आली. तिच्या आवाजाला ओतूरपर्यंत जोड नाही. मी म्हटलं, भरून ठेवू. हे डिशांवर गेलेले. मी यांची पेटी उघडली. यांच्या आवडीची कॅसेट घ्यायची नाही एवढी अक्कल मला होती. म्हणून चित्र असलेली एकही उचलली नाही. तळाला एक बिनचित्राची होती. साधी पांढरी पट्टी, तीवर पाच मुंग्या. मला वाटलं, कोरी आहे. तिच्या पाठीची दोन्ही ढलपी मोडलेली होती. ती मोडली की वर नवीन काही भरता येत नाही, पण भोकावर चिकटपट्टी लावली की येतं, हे मला हौशीरामनेच दाखवलं होतं. मी पट्टी लावली. त्या पाच मुंग्या पेनाने गिरगटून टाकल्या आणि खाली माझ्या हाताने लिहिलं, समृधी बारसे.

संध्याकाळी हे आले. "कुठली कॅसेट घेतली गं?" मी मोठ्या मानाने दाखवली. यांनी ती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. मग म्हणाले, "झुंबरबाईचा आवाज चांगला आला असंल." आणि गाईला वैरण टाकायला गेले. जेवायला उशिरा आले.

पुढे दर सोमवारी ही कॅसेट मागून न्यायचे. जानकूला पाळणे ऐकवतो म्हणायचे. मी गल्लीत सांगत फिरायची, नातीचं किती कौतुक आमच्या यांना.

"शेवटी मिनिटभर राह्यलंय वैनी," जानकू म्हणाला. "पाळनं संपल्यावर. सोमवारी दुकान बंद असतंय. आमी दोघं दार लावून तेवढंच ऐकायचो."

देवाच्या कोनाड्यातून मी कॅसेट आणली. माझ्याने बटण दाबवेना. जानकूने ती टेपात घातली आणि पुढे पळवली. कुठे थांबायचं ते त्याने ऐकून बघितलं नाही, नुसतं चाकाकडे बघत होता. आठ वर्षांचा सराव.

झुंबरबाईच्या पाळण्याचं शेवटचं कडवं आलं. बायांचं हसणं. मग माझा आवाज, आठ वर्षांपूर्वीचा, ठणठणीत, "बास गं बाई, बंद करा ते, पेढं वाटायचं राह्यल्यात!" खट्.

आणि गिटार.

मला त्यातलं कळत नाही. एक तार लांबवर गेली, थरथरली, तिच्यामागे दुसरी. मागे कुठेतरी आमची तेव्हाची तांबडी गाय हंबरली. मग तार थांबली आणि भागू म्हणाला, "आलं का नाना, बरूबर?"

त्यावर यांचा आवाज. बारा दिवस ऐकला नव्हता. "घाई करतूस. वाफा भरू दी की. फिरून वाजीव."

"वाजिवतो. मग आईला बोलवू ऐकायला."

खट्. कॅसेट संपली.

यांची बोटं एकेक करून मिटली. हात छातीवर आला. अर्ध्या गालावरचा फेस वाळून पापुद्रा धरला होता, आणि जानकू वस्तरा हातात धरून भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मी म्हटलं, "मागं घे."

त्याने परत लावली. मग परत. सेल उतरत चालले होते. दर खेपेला भागूची बोटं जड होत गेली, आवाज खोल गेला, गाय म्हाताऱ्या म्हशीसारखी हंबरायला लागली. पाचव्या खेपेला तार इतकी सावकाश आली की तिला घाई म्हणायची सोय राहिली नाही. मग चाकं थांबली. साधना म्हणाली, "नवे सेल आनते," आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

मी पेजेची वाटी उचलली. गार झाली होती. एक चमचा भरून यांच्या ओठाशी नेला. यांनी तोंड उघडलं नाही. पण चमचा ढकललाही नाही. नुसते बघत राहिले.

"घाईच केली त्यानं," मी म्हणाले. "बरूबर व्हतं तुमचं. पन तुमी बोलायचं व्हतं. मी कडाकडा भांडली असती, कपाळ फोडून घेतलं असतं, चार दिस जेवली नसती. हिरीत काय मी उडी टाकनार न्हवती. तोंड व्हतं तवा बोलायचं व्हतं तुमी."