गाण्याआधीचे वाक्य

मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे. आवाजाला भरदार करणारी पेटी. माझा जन्म रीगा शहरातला. माझ्या पोटात काचेच्या सहा नळ्या आहेत. त्या तापल्या की निखाऱ्यासारख्या फुलतात.

पामीरच्या डोंगरातल्या खोरोग गावच्या वीजकेंद्रात काम करणाऱ्या कुर्बोनशोने मला विकत घेतले. दूरच्या ओश शहराहून निघालेल्या ट्रकमध्ये सगळी वाट त्याने मला मांडीवर धरले होते. त्याची बायको दवलतमो दारातच म्हणाली, "लग्नात मला लाकडांच्या ट्रकवर मागं बसवून आणलंत, आणि ह्याला मांडीवर?"

"तू काचेची नव्हतीस, बाई!"

कुर्बोनशो मद्दोह गायचा. रबाब छेडत देवाची स्तुती गायची, मध्येच थांबून चार शब्द उपदेशाचे सांगायचे, की पुन्हा गाणे. मित्रांनो, तो गाऊ लागला की ऐकणाऱ्याला आपली पापे आठवत आणि ती माफ झाल्यासारखेही वाटे. एका हिवाळ्यात त्याने आपला मद्दोह टेपवर भरला. टेप फिरू लागली आणि गाण्याआधी त्याचे बोलणेच तिच्यात उतरले : "दवलतमो, दार लाव गं. आणि बस की जरा. कामं काय पळून जातायत?" मग तिचे हसू. मग रबाब.

पुढे तो देवाघरी गेला. दर गुरुवारी दवलतमो टेप लावून कणीक मळू लागे. ते वाक्य आले की हात तसेच ठेवून माझ्यासमोर बसे. मला सारे कौतुक गाण्याचेच वाटायचे.

यंदा मुलगा इमोमयोर मॉस्कोहून आला. त्याने टेपवरचा मद्दोह संगणकात घेतला, इंटरनेटवर चढवला आणि तिथली गाणी ओढून आणणारी एक चपटी डबी दोन तारांनी माझ्या पाठीला जोडली. "आई, आता आपली परदेशातली माणसंसुद्धा बाबांना ऐकतील!"

गुरुवारी त्याने डबी सुरू केली. ना खरखर, ना घरघर. इतका स्वच्छ मी कधीच गायलो नव्हतो. खरे सांगतो, मी सुखावलो.

दवलतमो मात्र उभीच होती.

"पहिलं कुठंय रे?"

"पहिलं काय?"

"मला बस म्हणतात ते."

इमोमयोरचा चेहरा उतरला. "ते मी कापून पुसून टाकलं, आई. देवाचं गाणं ते. त्याच्या आधी दाराची नि कामाची बडबड बरी दिसत नाही, म्हणून..."

"मग टेप लाव."

"टेपवरचा लेप झडत होता गं. पवित्र वस्तू, कचऱ्यात कशी टाकू? सकाळी गुंट नदीत सोडली."

ती रागावली नाही. पिठाचा हात त्याच्या गालावर ठेवून म्हणाली, "भक्तीनंच केलंस, बाळा. आवाज छान येतोय हो." आणि आत गेली. इमोमयोरने माझ्यावर कपाळ टेकले. मी गात राहिलो. मला दुसरे काय येते?

मित्रांनो, जुने आवाज नव्या यंत्रात जरूर भरा. माझ्यासारख्यांचे आयुष्य त्यानेच वाढते. पण त्यातले काही कापण्याआधी घरातल्या माणसाला एकदा विचारा, "तू यातलं काय ऐकतेस?" मीही तिच्यासमोर वर्षानुवर्षे गायलो, पण मला ते कळले नाही.

दवलतमो अजूनही दर गुरुवारी मला लावते. गाणे संपेपर्यंत उभीच असते.