तहानेचं पत्रक

याए कुसुनोकीला दिवसाला तीन पेले पाणी मिळायचं. त्यात सूप आलं, चहा आला, भातातला ओलावासुद्धा आला. सहा वर्षांपूर्वी तिच्या मूत्रपिंडांनी हात टेकले, तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार ती इस्पितळात जाऊन यंत्राला जोडून घ्यायची. शुक्रवार ते सोमवार ही सगळ्यात लांबची ओढ, आणि त्यातला रविवार म्हणजे घशात नुसती वाळू. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. हिच्या घरी मुंगीसुद्धा निघायचं नाव घेत नव्हती.

पण रविवारी दुपारी याए पोटभर पाणी प्यायची. ताकाओका शहराच्या नागरी केंद्रात, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, चौघं जण फासे आणि कागद घेऊन बसत. मिनेगिशी गोष्ट पुढे नेणार, बाकीचे तिघं आपापल्या पात्राने काय केलं ते सांगणार, असा तो खेळ. याएचं पात्र सेना, डोंगरातली धिप्पाड बाई. तलवार बरी चालवायची, पण पाणी प्यायची ते जगावेगळं. विहीर दिसली की सेना गुडघ्यांवर बसायची, पोहऱ्यात तोंड घालायची, आणि याए ते घोटाघोटाने सांगायची: दात कसे शिवशिवले, ओघळ हनुवटीवरून गळ्यात कसा उतरला.

"झालं, सेनाबाई विहीर आटवणार," दातांच्या दवाखान्यात कामाला असलेली होझुमी म्हणायची. "गावकऱ्यांनी काय प्यायचं मग?"

याएही हसायची. आपल्या दुखण्याचं तिने इथे अवाक्षर काढलं नव्हतं. या चार तासांच्या जोरावर ती उरलेला आठवडा ढकलत होती.

सप्टेंबरात मिनेगिशीने नवं पत्रक आणलं. शिकवणीत गणित शिकवणारा माणूस, रकाने आखल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नसे.

"आता वाळवंट सुरू," तो म्हणाला. "आजवर सहलीला आल्यासारखे हिंडलात. यापुढे खरं वाटलं पाहिजे. माणशी दिवसाला तीन पेले. कमी पडले की अवस्था बदलणार. तहानलेला, कोरडा, भ्रमिष्ट, मेलेला. प्रत्येक पेल्याची खूण करायची."

हा आकडा याएच्या रोजच्या ओळखीचा होता.

"हे नको," ती म्हणाली.

"का बरं?"

"मजा जाईल."

"उलट आता खरी मजा," कादोवाकी म्हणाला. हा टपालाची छाननी करणारा, पन्नाशीचा विधुर. त्याचा खेळातला भिक्षू गारान चार वर्षं जिवंत होता, आणि त्याची चित्रं काढून तो सगळ्यांना दाखवत असे. मत घ्यायची वेळ आली तेव्हा सगळ्यात आधी त्याचाच हात वर गेला.

तिघं एका बाजूला, ही एकटी. तेव्हा याएने सांगून टाकलं. यंत्र, जास्तीचा घोट पकडणारा सोमवारचा वजनकाटा, तीन पेले, सगळं. "आठवड्यात एवढी एकच जागा आहे, जिथे मला मोजावं लागत नाही. तेवढी ठेवा."

होझुमीने चहाची बाटली हळूच पिशवीत सरकवली. मिनेगिशीने पत्रक आपल्याकडे ओढून घेतलं, आणि याएला वाटलं, सुटले. मग त्याने पत्रक तिच्यापुढे ठेवलं.

"तुम्हीच बघा ना मग, कुसुनोकीसान. मी पुस्तकं चाळून केलंय. तुम्हाला तर खरं माहीत आहे. कुठे चुकलंय सांगा."

त्याच्या आवाजात आदर होता. तोच जास्त लागला. ज्याचं जळतं त्याला कळतं हे खरं, पण ज्याचं जळतंय त्याच्याकडेच सरपण मागायचं म्हणजे हद्द झाली.

आणि पत्रक चुकीचं होतं. आधी ओठ फुटतात, असं लिहिलं होतं. याएला राहवलं नाही.

"ओठ नंतर. आधी थुंकी घट्ट होते. जीभ टाळ्याला चिकटते, सोडवताना आवाज येतो. मग शेजारचा माणूस गिळतो ते ऐकू यायला लागतं. त्याचा राग येतो. आपला माणूस असला तरी."

"अंगावर काटा आला हो," होझुमी खूश होऊन म्हणाली. मिनेगिशी भराभर लिहून घेत होता. लिहून झाल्यावर त्याने पेन्सिल याएच्याच हातात दिली. "नोंद तुम्हीच ठेवा. तुमच्याइतकं काटेकोर आम्हाला नाही जमणार."

तिने पेन्सिल घेतली.

पाच रविवार तिने सगळ्यांचे पेले मोजले. तिसऱ्या रविवारी गारानने आपले दोन पेले होझुमीच्या जखमी तिरंदाजाला दिले. सगळ्यांनी वाहवा केली, याएने दोन खुणा केल्या. पाचव्या रविवारी पाणवठा एका दिवसावर आला, तेव्हा तिने पत्रक वर उचललं.

"गारानचं पाणी संपलं. भ्रमिष्ट होताच, आता शेवटचा फासा. पाच किंवा सहा पडले तर जगेल."

कादोवाकीने फासा टाकला. दोन.

"थांबा," मिनेगिशी घाईने म्हणाला. "पहाटे दव पडलं असं धरू. पांघरूण पिळून पेलाभर निघेल. चालेल ना, कुसुनोकीसान?"

"खरं वाटलं पाहिजे, असं ठरलंय."

"हो, पण चार वर्षांचं पात्र आहे त्यांचं."

"माझ्याकडे सहा वर्षांत एकदाही दव पडलं नाही."

कादोवाकी जरा पुढे सरकला. "सेनाकडे दोन पेले आहेत," तो हलक्या आवाजात म्हणाला. "एक द्या. मी तेव्हा हात वर केला, चुकलं माझं."

त्याचे डोळे भरले होते. ते पाहून याएला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली नाही.

"सेना पाणी पिते," ती म्हणाली. "गारानच्या समोर बसून."

आणि ती सांगू लागली, पूर्वीसारखंच, घोटाघोटाने. दात शिवशिवले. ओघळ गळ्यात उतरला. कोणी हसलं नाही. कादोवाकीने गारानचा कागद उलटा करून ठेवला आणि त्यावर पालथा हात ठेवला, पण ती थांबली नाही. पूर्वी असं सांगताना तिचा घसा खरोखर ओला व्हायचा. आज तिने दोन्ही पेले शेवटच्या थेंबापर्यंत संपवले, आणि घशाला काहीच लागलं नाही. दोन पेले कमी झाले, एवढंच कळलं.