तो आवाज माझा नव्हे

बोईसरला स्टेशनजवळच्या एका गाळ्यात केदारचा स्टुडिओ होता. साड्यांचा सेल, निवडणुकीच्या रिक्षा, गणपती मंडळाची निवेदनं, सगळं तो स्वतःच्या आवाजात भरून द्यायचा. आवाज भारदस्त, उच्चार स्वच्छ. हे उच्चार केळव्याच्या शाळेत शालूबाईंनी घासूनपुसून घडवले होते. बाईंचं पाळण्यातलं नाव शुलामिथ. केळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं त्यांचं एकच घर बेने इस्रायलांचं, म्हणजे मराठी ज्यूंचं.

मार्चमध्ये मनीष काम घेऊन आला. तो मुंबईच्या एका एजन्सीसाठी आवाज शोधायचा. दूरच्या एका डोंगराळ, चिमुकल्या देशावरचे बारा व्हिडिओ होते. शेजारच्या बलाढ्य देशाने त्याच्याकडे सीमेवरचा प्रांत मागितला होता, मुदत घातली होती आणि सरहद्दीवर रणगाडे आणून उभे केले होते. व्हिडिओंत रणगाड्यांचं नावही नव्हतं. त्यांत एवढंच होतं, की त्या छोट्या देशाचं सरकार ज्यूंच्या हातातलं बाहुलं आहे, तिथल्या बँका आणि वर्तमानपत्रं ज्यूंनी गिळली आहेत आणि शेजारी फक्त बिचाऱ्या जनतेला सोडवायला निघालाय.

"हे मराठीत कशाला?" केदारने विचारलं.

"वीस भाषांत करतायत. अख्खं जग हेच म्हणतंय असं वाटायला नको?" मनीष हसला. "आपण काय, आवाज देणारे."

आठव्या व्हिडिओत एक वाक्य आलं. 'ज्यू माणूस शंभर पिढ्या राहिला, तरी त्या मातीचा होत नाही.' केदार थांबला. त्याला शालूबाई आठवल्या. आठवल्या नाहीत, असं पुढे त्याला स्वतःशीही म्हणता आलं नाही. आठवल्या, आणि तरी ते वाक्य त्याने तीनदा वाचलं, कारण पहिल्या दोन वेळा 'मातीचा'वर हवा तसा जोर पडला नव्हता.

एप्रिलअखेर तो एका रिसॉर्टच्या जाहिरातीसाठी केळव्याला गेला, तेव्हा बाईंनी निरोप पाठवून बोलावून घेतलं. अंगणात ठकी सुपारी सोलत बसली होती. ती तीस वर्षं त्यांच्या वाडीत राबत होती.

"माझ्या वाचनवर्गाला अकरा मुलं यायची," बाई म्हणाल्या. "आता चारच येतात. दुधाच्या डेअरीवर परवा एकाने विचारलं, बाई, तुमचा खरा देश कुठला? आणि ही ठकी…"

"मी वायट मनानं नाय इचारलं," ठकी पटकन म्हणाली. "पोराच्या फोनवर येक इडिओ आला, त्यात ऐकलं. म्हटलं, बाय, तुमी इथल्या नाय काय?"

बाईंनी केदारकडे पाहिलं. "तो आवाज तुझा आहे ना रे?"

"नाही बाई." शब्द आपोआप बाहेर पडले. "हल्ली मशीनवर कुणाचाही आवाज बनवता येतो."

बाईंचा चेहरा एकदम सैलावला. "बघ ठकी, मी म्हटलं नव्हतं? माझा विद्यार्थी असं वाचणार नाही." त्यांनी त्याला आग्रह करकरून नारळाच्या वड्या खायला लावल्या. त्या त्याने एकेक करून संपवल्या.

मे महिन्यात मुदत संपली आणि रणगाडे त्या देशात शिरले. बातम्यांत पूल कोसळताना दिसले, बोचकी घेऊन चालणाऱ्या बायका दिसल्या. त्याच दिवशी केदारचा आठवा व्हिडिओ त्याच्याच सोसायटीच्या ग्रुपवर आला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'बरं झालं.'

त्याने मनीषला फोन केला. "ते सगळं काढायला सांग."

"काढणार कुठून? लोकांच्या फोनमध्ये गेलंय ते. आणि तुझं नाव कुठे आहे त्यात? गप्प बस."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो केळव्याला गेला. बाई ओट्यावर पेपर वाचत होत्या. त्याने बसायच्या आधीच सांगून टाकलं. "बाई, आवाज माझाच होता. मशीनचं मी खोटं सांगितलं. वाचताना तुम्ही आठवला होतात, तरी वाचलं."

बाईंनी चष्मा काढला. पेपरची घडी घातली. मग म्हणाल्या, "तू नाही म्हणालास, त्या दिवशी मी महिन्याभराने शांत झोपले."

केदारला मान वर करवेना.

"मला सांगितलंस. आता ठकीला सांग. डेअरीवर जाऊन सांग. वर्ग सोडून गेलेल्या मुलांच्या आईबापांना सांग. माझ्यामागे लपून नको, एकटा जा."

ठकीने ऐकून घेतलं. "म्हणजे तुला ठावं हुतं, का हे खोटं हाय?"

"हो."

"आन् तरी?"

तो डेअरीवर गेला, सात घरी गेला. एका घरात त्याला पाणी मिळालं, एका घरात दार उघडलं नाही. एक बाप म्हणाला, "पण बोललात ते पटण्यासारखं होतं." मग त्याने आपल्या नावानिशी व्हिडिओ केला. तो फारसा कुणी पाहिला नाही. एजन्सीचं काम सुटलं.

जूनपर्यंत वर्गात सहा मुलं झाली. बाईंनी त्याला पुन्हा बोलावलं नाही. त्यानेही आपणहून जायची हिंमत केली नाही.