डिंक्याचा डोंगर

ओवीने स्पेनहून पाठवलेल्या प्रत्येक फोटोत एक तरी कुत्रा असायचा. स्वतः ओवी क्वचितच असायची. युनिव्हर्सिटीच्या एक्स्चेंजवर फेब्रुवारीत ती उत्तर स्पेनला गेली आणि तेव्हापासून सुट्टी मिळाली की डोंगर चढत होती. पांढुरके सुळके, खाली हिरवी कुरणं, गळ्यात घंटा बांधलेल्या गायी, आणि सगळ्यांच्या पुढे कुणाचा तरी मोकळा सुटलेला कुत्रा. फोटोखाली एकच ओळ असे : 'डिंक्या कसा आहे?' बाबा कसा आहे, हे ती विचारत नसे. मग इकडे ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला, दत्तप्रसाद डिंक्याचा एक फोटो काढून पाठवायचा. दीड वर्षं बापलेकीचं जे काही बोलणं होतं, ते त्या मुक्या जनावराच्या पाठीवरून चाललं होतं.

डिंक्याला ओवीच्या आईने, मेधाने, शेल्टरमधून आणलं होतं. रंग डिंकाच्या लाडवाचा, आणि पहिल्या दिवसापासून तिला असा चिकटला की नाव शोधावंच लागलं नाही. ती गेल्यावर तो दत्तप्रसादला चिकटला. दुसरं होतंच कोण?

मेधा हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा ओवीची मेलबर्नला परीक्षा चालू होती. 'पेपर संपू देत, मग सांगू,' असं दत्तप्रसादने ठरवलं आणि त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे असंच करतात. त्याच्या स्वतःच्या बारावीच्या वेळी आजोबा गेल्याचं त्याला नवव्या दिवशी कळलं होतं, आणि घरच्यांनी किती विचार केला आपला, असं तो वर कौतुकाने सांगत आला होता. ओवी रोज संध्याकाळी फोन करून विचारायची, 'आई काय करतेय?' तो म्हणायचा, 'झोपलीये.' तीन संध्याकाळी तो हेच म्हणाला. चौथ्या दिवशी ओवीचा शेवटचा पेपर झाला. मेधा आदल्या रात्रीच गेली होती.

ओवी भांडली असती, ओरडली असती, तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "झोपलेली तर झोपलेली, बाबा. फोन तिच्या कानाजवळ धरायचास ना. मी बोलले असते."

आणि मे महिन्यातल्या एका गुरुवारी फोटोखाली दोन ओळी आल्या : 'इथले कुत्रे बघ कसे फिरतात. आपला बिचारा फुटपाथच मोजतोय.'

आपला. तो शब्द त्याने चहा गार होईपर्यंत वाचला. आई गेल्यापासून ओवीने कशालाच आपलं म्हटलं नव्हतं, घरालासुद्धा नाही. दत्तप्रसादने तिथल्या तिथे ठरवलं, शनिवारी डिंक्याला डोंगरावर न्यायचं आणि माथ्यावरून तिला फोटो पाठवायचा. तेवढा एक धागा हाताशी आला होता, तो त्याला सोडायचा नव्हता.

कुत्रा घेऊन डोंगर चढायला विचारायचं कुणाला, हा प्रश्न त्याच्या मनातही आला नाही. पुण्यात कॉलेजात असताना त्याने सह्याद्रीतले किल्ले पायाखाली घातले होते. कुठल्याही गडाला निघा, पायथ्याच्या गावातला एखादा कुत्रा न बोलावता पुढे व्हायचा, चुकलेली वाट दाखवायचा आणि माथ्यावर अर्धी भाकरी घेऊन हिशेब मिटवायचा. शनिवारी पहाटे उठून दत्तप्रसादने सिडनीतल्या गिरावीनच्या देशी दुकानातून आणलेल्या ज्वारीच्या पिठाच्या चार भाकऱ्या थापल्या. दोन फाटल्या. तूप लावून, फडक्यात बांधून, दीड तास गाडी चालवत तो एका राखीव जंगलाशी पोहोचला. त्या जागेचं नाव घेत नाही. डोंगराचा काही दोष नव्हता.

वाटेच्या तोंडाशी पाटी होती. कुत्र्याचं चित्र आणि त्यावर तांबडी काट. तिच्या शेजारी दुसरी पाटी होती : कोल्ह्यांसाठी विषारी आमिषं टाकली आहेत, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, पाळीव कुत्र्यांना प्राणघातक. दत्तप्रसादने दोन्ही पाट्या पाहिल्या. "कोल्ह्यांसाठी आहे रे ते," तो डिंक्याला म्हणाला, आणि पट्टा दोनदा मनगटाला गुंडाळून चालायला लागला. हा माणूस वीस वर्षं पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्यात सेफ्टीचं काम करत होता. पाटी न वाचता आत शिरणाऱ्याला तो गेटवरून परत पाठवायचा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

चढ मात्र झकास झाला. डिंक्या पुढे, पट्टा ताणलेला, शेपटी उभी. दत्तप्रसादला धाप लागली की तो थांबून मागे बघायचा. माथ्यावर पोहोचले तेव्हा अकरा वाजत आले होते. खाली निळसर डोंगरांच्या रांगा आणि माणूस एकही नाही. ओवीच्या फोटोंतले कुत्रे सगळे मोकळे असायचे, म्हणून दत्तप्रसादने पट्टा काढला. फोटोत पट्टा दिसायला नको होता.

फोटो सुरेख आला. जीभ बाहेर, कान वाऱ्यावर, डोळे थेट कॅमेऱ्यात. 'आपला डिंक्या डोंगरावर,' असं लिहून त्याने पाठवून दिला. तिकडे रात्रीचे तीन वाजले असणार, ती उठल्यावर बघेल. मग त्याने भाकरीचं फडकं सोडलं. एक तुकडा स्वतः खाल्ला, एक डिंक्याकडे फेकला. तो घरंगळत झुडपात गेला आणि डिंक्या त्याच्या मागे. तिथे तो जरा माती उकरत होता, काहीतरी चावत होता. दत्तप्रसादला वाटलं, भाकरीच. "हावरट कुठला," तो म्हणाला आणि हसला. मेधा गेल्यापासून तो मोकळेपणाने हसला तो तेव्हाच.

अर्धा डोंगर उतरल्यावर डिंक्याला उलटी झाली. तुपाने झाली असेल, असं वाटलं. मग तो समोर काही नसताना भुंकायला लागला, गोल गोल धावायला लागला. दत्तप्रसादने हाक मारली तर त्याला ओळख पटली नाही. दीड वर्षं पायात घोटाळणारा कुत्रा त्याच्या अंगावरून तसाच पुढे धावला आणि कोसळला. आडवा पडूनही पाय धावतच होते. एक्कावन्न वर्षांच्या माणसाने बावीस किलोचं ते थरथरणारं ओझं खांद्यावर घेतलं आणि उरलेला डोंगर कसा उतरला, ते त्याला पुढे कधी आठवलं नाही.

जवळच्या गावातली व्हेट तरुण बाई होती. सुई टोचताना तिने विचारलं, कुठे गेला होतात? त्याने जंगलाचं नाव सांगितलं आणि तिचा हात क्षणभर थांबला. या विषाला उतारा नाही, ती म्हणाली, पण करता येईल तेवढं करू. तिने खरंच केलं. अडीचला डिंक्याचे पाय थांबले.

"पाटी दिसली नाही का तुम्हाला?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता.

"दिसली," दत्तप्रसाद म्हणाला.

त्याला डिंक्यापाशी बसू देऊन ती बाहेर गेली. खाली निळं ब्लँकेट होतं. त्याने डिंक्याच्या पंजांना लागलेली माती नखाने काढायला सुरुवात केली, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ओवीला निरोप घेऊ दिला नाही, आपल्या हातून हे दुसऱ्यांदा झालं, एवढंच त्याला कळत होतं. ओवीला ताबडतोब सांगायचं, या वेळी लगेच, हेही त्याने पक्कं केलं होतं. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"बाबा! तू खरंच गेलास? ओ माय गॉड, किती हॅपी दिसतोय तो! मी सकाळी सकाळी रडले, माहितीये? सगळ्या हॉस्टेलला दाखवला फोटो."

"हं."

"दमलास का रे?"

हे तिने त्याला विचारलं होतं, डिंक्याबद्दल नाही.

"थोडा," तो म्हणाला.

"ऐक ना, आज मी ती अवघडवाली धार करतेय. दोन्ही बाजूंना सरळ कडा आहे. जाऊ की नको चाललं होतं, भीती वाटत होती. पण डिंक्याला वर बघितलं आणि म्हटलं, जायचंच. बसचीच वाट बघतेय. आणि बाबा, जूनमध्ये मी मेलबर्नला नाही जात, डायरेक्ट घरी येते. आपण तिघं जाऊ तिथे. ओके? कुठाय तो?"

दोन्ही बाजूंना कडा. आता सांगितलं तर पोर डोळ्यांत पाणी घेऊन त्या धारेवर चालेल. उतरू दे, मग सांगू. हे वाक्य मनात उमटलं आणि दत्तप्रसादला ते ओळखू आलं. कुठलं आहे, कुणाचं आहे, त्याने केवढा घात केला होता, सगळं लख्ख आठवलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो म्हणतात. दत्तप्रसाद पुन्हा दूधच प्यायला.

"झोपलाय," तो म्हणाला.

पलीकडे शांतता पसरली. इतकी लांबली की त्याला वाटलं, कळलं हिला. कळलं असेल तर सुटलो, असंही वाटलं.

"झोपू दे," ओवी हळू आवाजात म्हणाली. "पण फोन त्याच्या कानाजवळ धर ना, बाबा."

तो गुडघ्यांवर बसला. कान अजून कोमट होता. दोन्ही हातांनी फोन धरून त्याने तो कानाला लावला आणि ओवी बोलायला लागली. इंग्लिशचा एक शब्द नाही, सगळं मराठीत, मेधा बोलायची तसं : शाण्या माझ्या, दमलास का रे राजा, डोंगर चढलास होय. बराच वेळ ती बोलत होती. दत्तप्रसादला हुंदका बाहेर पडू द्यायचा नव्हता, म्हणून त्याने शर्टाची बाही दातांत धरली होती.

"बाबा? कान हलवला का त्याने?"

दत्तप्रसादने कानाकडे पाहिलं.

"हलवला," तो म्हणाला.

"थँक यू, बाबा," ओवी म्हणाली. मग तिची बस आली आणि तिने फोन ठेवला.