न पुसायची ओळ

येलदरीच्या रस्त्यावर एका फाट्याला लिंबाजीचं चहाचं हॉटेल होतं आणि हॉटेलाच्या भिंतीला काळा फळा होता. फळा ग्रामपंचायतीचा, खडू शाळेचा आणि अक्कल ज्याची त्याची. रोज दहाच्या सुमारास परभणीहून पेपर आला की शाळेत जायच्या आधी बन्सीधर गुरुजी त्यातली एक बातमी फळ्यावर उतरवायचे. बातमी विज्ञानाचीच. राजकारणाला बंदी होती. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराच्या वादात याच फळ्यावर कुणीतरी नको ते लिहिलं आणि चार दिवसांत वस्तीतली सात घरं भांडीकुंडी उचलून गाव सोडून गेली. तीन परत आली, चार आलीच नाहीत. ज्यांना लाज वाटली त्यांनी आणि ज्यांना वाटली नाही त्यांनीही मिळून मग ठरवलं की फळ्यावर माणसांचं काही लिहायचं नाही. रॉकेट, कॉम्प्युटर, धूमकेतू असलं लिहायचं. त्यावरून कुणाचं घर उठत नाही, अशी त्यांची समजूत होती.

बातमीखाली ज्याला सुचेल त्यानं एक ओळ लिहायची, नाव घालायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मुक्कामी एसटी जिंतूरकडे निघायची, त्या वेळी सगळे चहाला जमायचे. ओळी मोठ्यानं वाचल्या जायच्या आणि ड्रायव्हरनं हॉर्न दिला की गुरुजी फळा पुसायचे. पुसताना एकच ओळ सोडायची, जिला सगळ्यात जास्त हशा आला ती. तिच्याहून भारी ओळ येईपर्यंत ती तशीच राहायची. ग्रामपंचायतीचा एक ठराव गावानं कधी धड पाळला नाही, पण हा नियम मात्र प्राणापलीकडे जपला.

न पुसायची ओळ बहुतेक वेळा सूर्यभानची असायची. नाव नसलं तरी अक्षर सगळे ओळखत. आपला माणूस अवकाशात आठ दिवस राहून आला, त्या बातमीखाली त्यानं लिहिलं होतं, ‘खाली यायला त्याला गाडी भेटली म्हणायची. आमाला जिंतूरहून भेटत न्हाई.’ शहात्तर वर्षांनी धूमकेतू परत आला तेव्हा, ‘शेपटीवाला उशिरा येतो, पर येतो. तलाठ्याचं तसं न्हाई.’ ही ओळ पंधरा दिवस टिकली. खुद्द तलाठी येऊन वाचून गेला आणि वरून चहा पाजून गेला. कधी कधी गंमत म्हणून सूर्यभान दुसऱ्याच्या अक्षरात लिहायचा. एकदा गुरुजींच्या वळणदार अक्षरात लिहून त्यानं गुरुजींनाच फसवलं होतं. चार एकर कोरडवाहू जमिनीच्या या माणसाला फाट्यावर एखाद्या पुढाऱ्याला मिळावा तसा मान होता.

आता खरं सांगायचं तर यातली एकही ओळ त्याची नव्हती.

ओळी त्याच्या बायकोच्या होत्या. सूर्यभान दुपारी घरी यायचा, जेवताना बातमी सांगायचा, आणि कोकिळा चुलीपुढे भाकरी थापता थापता, मान वर न करता काहीतरी बोलून जायची. एकदा त्यानं सांगितलं, “अमेरिकेत कॉम्प्युटर निघालाय. एका सेकंदाला लाख गणितं करतंय.”

कोकिळेनं भाकरी उलटली. “मंग दिवसभर काय करतंय?”

हात न धुताच तो फाट्याकडे सुटला होता. ती ओळ महिनाभर कुणी पुसली नाही.

ओळ तिची आहे हे त्यानं कुठं सांगितलं नाही, आणि तिनंही कधी विचारलं नाही. बायकांनी फाट्यावर उभं राहायचं ते एसटी पकडायला, एवढंच. फक्त संध्याकाळी ती हळूच म्हणायची, “हसले का?” तो म्हणायचा, “लय हसले.” तेवढ्यावर तिचा दिवस जायचा. गुरुजींनी शाळेत बायकांसाठी प्रौढवर्ग काढला तेव्हा दोन हिवाळे ती नेमानं गेली. सूर्यभानला वाटलं, सही शिकली असेल. आपली ओळ फळ्यावर कशी दिसते ते एकदा बघायचं म्हणून ती अक्षर न् अक्षर शिकली होती, हे त्या शहाण्याला कधी कळलं नाही.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. सूर्यभानची आई गोजरबाई उठता बसता कोकिळेला बोलायची. हळदीकुंकवाला बायका तिला टाळायच्या. तीन वर्षांपूर्वी उरुसाच्या निमित्तानं नवराबायको गुपचूप परभणीच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. डॉक्टरनं तपासणीचा कागद सूर्यभानच्या हातात दिला आणि सरळ सांगितलं, दोष तुमच्यात आहे, बाईंमध्ये काही नाही. परतीच्या एसटीत सूर्यभान खिडकीकडे तोंड करून बसला होता. कोकिळेनं तो कागद त्याच्या हातातून घेऊन पदराच्या गाठीला बांधला.

“आत्याबाईला मी काय सांगणार न्हाई,” ती म्हणाली. “तुमच्याच तोंडानं सांगा. पर सांगा.”

तो ‘सांगतो’ म्हणाला. सुगी झाल्यावर सांगतो, संक्रांत झाल्यावर सांगतो. असं करत तीन वर्षं गेली आणि तीन वर्षं ती त्याच्या वाटणीचं ऐकून घेत राहिली. त्या पावसाळ्यात गोजरबाईनं पोखर्णीची एक भाची हेरली. दिवाळीनंतर सूर्यभानला दुसरी करायची आणि कोकिळेनं खुशाल गोठा सांभाळत राहायचं, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं. कोकिळेनं नवऱ्याला एकदाच विचारलं, “आता तरी सांगता का?” तो म्हणाला, “पोळा होऊ दे.”

अशात ऑगस्टमध्ये ती बातमी आली. गुरुजींनी ठळक अक्षरात लिहिली, ‘मुंबईच्या दवाखान्यात काचेच्या नळीत गर्भ धरला. सुदृढ मुलगी जन्मली.’

सूर्यभाननं ती दोनदा वाचली. अमेरिका नाही, रशिया नाही, मुंबई! परभणीहून रात्रभर गाडीत बसलं की सकाळी मुंबई. कोकिळेला घेऊन जाता येईल, निदान विचारून तर येता येईल, असं त्याच्या मनात आलं, आणि मन खरोखर उजळलं. मग त्यानं मागं वळून बघितलं. हॉटेलातली सगळी माणसं बातमीकडे नाही, त्याच्याकडे बघत होती. आसाराम, जो एरवी शिंकेवरही हसायचा, तो तेवढा कपात बघत होता. त्यांना काय वाटत होतं कोण जाणे. कीव असेल. पण सूर्यभानला कीव नको होती. आता कुणीतरी खडू उचलणार आणि आपल्यावर ओळ लिहिणार, या धास्तीनं त्यानंच खडू उचलला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं स्वतःच्या डोक्यातलं लिहिलं.

‘बियाणं मुंबईचं आना का हायब्रीड आना, खडकात काय उगवत न्हाई.’

आणि जो हशा उठला त्यानं लिंबाजीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. आसारामनं त्याच्या पाठीवर थाप मारली. आपल्यावरचं बालंट टळलं म्हणून सूर्यभानला हायसं वाटलं. बालंट टळलं नव्हतं, बायकोच्या अंगावर ढकललं होतं, हे न कळण्याइतका तो दूधखुळा नव्हता. पण हशा कानात होता.

सकाळी हॉर्न वाजला आणि ओळ राहिली. दुसऱ्या दिवशी राहिली, तिसऱ्या दिवशीही राहिली. घरी त्यानं बातमी सांगणं बंद केलं. कोकिळाही विचारत नव्हती. चौथ्या दिवशी नदीवर धुणं धुताना बायका एकमेकींना ती ओळ ऐकवून हसल्या, आणि गोजरबाई घरी येऊन म्हणाली, “बघ गं, सरकारी फळ्यावर लिवलंय समद्या गावानं. मी बोलले तर मी वंगाळ!”

ती गोठ्यात गेल्यावर कोकिळा नवऱ्यापुढे येऊन उभी राहिली. “कुनी लिवलं?”

“गंमत व्हती गं.”

“तुमीच ना?”

त्यानं तोंड दाराकडे फिरवलं.

“समद्या ओळी माज्या व्हत्या,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “ही तेवढी तुमची. उद्या सकाळच्याला ती पुसा अन् आत्याबाईला खरं सांगा. एवढंच मागते. मंग दुसरी आना, तिसरी आना, मी तोंड उघडणार न्हाई.”

“पुसता येत न्हाई,” सूर्यभान म्हणाला. “नियम हाय. तिच्याहून भारी ओळ आल्याबिगर पुसता येत न्हाई.”

असं उत्तर जगात दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसाला सुचलं नसतं. कोकिळा “असं व्हय,” म्हणाली आणि भाकरीला पीठ घ्यायला गेली.

सकाळी तो उठला तेव्हा ती घरात नव्हती. शेतात गेली असेल, खुरपणी चालू होती. तो फाट्यावर आला तर लांबूनच हशा ऐकू आला. फळ्याभोवती गर्दी होती. त्याच्या ओळीखाली नवी ओळ आली होती. अक्षरं वेडीवाकडी, प्रौढवर्गातल्या बाईनं पाटीवर गिरवावीत तशी. आसाराम खड्या आवाजात वाचत होता.

“‘खडक माहेरी चालला. बियाणं उगवलं न्हाई तर पावती पेटीत हाय.’”

बियाण्याची पावती जपून ठेवा, उगवलं नाही तर पावतीशिवाय तक्रार घेत नाही, हे पंचायत समितीचा साहेब दर पेरणीला बजावून जायचा. त्यामुळे हशा थांबेचना. आणि सूर्यभान? तोही हसला. इतरांबरोबर, सवयीनं, मनापासून हसला. इतकी नेमकी ओळ वाचून हसू आल्याशिवाय राहणंच शक्य नव्हतं. हसता हसता त्याला कळलं की ही कुणाची आहे.

मुक्कामी एसटी चार हातांवर उभी होती. तिसऱ्या खिडकीत कोकिळा बसली होती, मांडीवर बोचकं घेऊन. ती त्याच्या हसऱ्या तोंडाकडे बघत होती.

“सूर्यभान, मानलं लेका!” आसाराम ओरडला. “आपल्याच ओळीला आपनच उत्तर! अन् अक्षर तरी कसं काढलंस, बायामानसावानी!”

सगळे त्याच्याकडे वळले. बन्सीधर गुरुजी तेवढे हसत नव्हते. दोन हिवाळे हे अक्षर त्यांनी हात धरून गिरवून घेतलं होतं. ते खिडकीकडे बघत होते आणि मग सूर्यभानकडे, तो काय बोलतो याची वाट बघत. एक वाक्य पुरे होतं. ‘माजी न्हाई, तिची हाय.’ एवढं म्हणून एसटीच्या दारात पाय ठेवला असता तरी चाललं असतं. चारठाण्याला माहेरी जाणारी बाई जिंतूर यायच्या आत परत आली असती.

“मंग!” सूर्यभान म्हणाला. “उगंच न्हाई म्हनत लोक.”

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. खिडकीतलं तोंड आत वळलं आणि गाडी निघून गेली. गुरुजींनी फडकं उचललं, वरची ओळ पुसली आणि खालची ठेवली. नियमानं ओळ पुसली गेली होती. तिच्याहून भारी ओळ लागत होती ना, ती तिनं देऊन टाकली होती.

घरी येऊन त्यानं पत्र्याची पेटी उघडली. तिच्या लुगड्यांची जागा रिकामी होती आणि तळाशी घडी घातलेला परभणीचा कागद होता. तिनं तो नेला नव्हता, गावाला दाखवला नव्हता. खरं सांगायचं अजूनही त्याच्याच तोंडी ठेवलं होतं. दारात गोजरबाई आली.

“कसला कागद रे?”

“बियाण्याची पावती,” तो म्हणाला, आणि चुलीत घातली.

त्या दिवसानंतर फळ्यावर कितीतरी बातम्या आल्या. लोक त्याच्या हातात खडू द्यायचे आणि तोंडाकडे बघत उभे राहायचे. त्याला काही सुचायचं नाही. दुपारी जेवताना तो बातमी मनातल्या मनात म्हणायचा आणि चुलीकडे बघायचा. तिथं आई धूर फुंकत बसलेली असायची. चारठाण्याला जाऊन यावं असं रोज वाटायचं, आणि तिथं जाऊन काय बोलायचं ते कळायचं नाही. पोखर्णीची तारीख ठरली. चारसहा वर्षांनी त्या पोरीलाही गाव खडक म्हणणार, आणि तिची बाजू घेणारा कागदही आता उरला नव्हता. हे त्याला माहीत होतं. सूर्यभान नीच होता असं नाही. त्याला लाज वाटायची, आणि ती लाज दुसऱ्याच्या डोक्यावर देऊन तो मोकळा व्हायचा. अशी माणसं गावोगाव आहेत आणि त्यांना मानही मिळतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तिरपा पाऊस आला आणि फळा धुऊन निघाला. सकाळी लोक हळहळले. अशी ओळ पुन्हा व्हायची नाही, आणि पुसायची तर नव्हतीच.

“तुजीच ओळ हाय, तूच लिव,” लिंबाजी म्हणाला. “पर त्याच अक्षरात हं. मजा त्यात हाय.”

गुरुजींनी खडू पुढे केला. सूर्यभान फळ्यापुढे उभा राहिला. ‘खडक’ एवढं लिहिलं आणि एसटीची तिसरी खिडकी डोळ्यांपुढे आली. ‘माहेरी चालला’ लिहिताना अक्षरं एकेक करून खाली घसरली. मागं सगळे बघत होते.

“आगदी तसंच!” आसाराम म्हणाला. “बघा, आगदी तसंच आलं.”