प्रुइटची परवानगी

एल्मर प्रुइटकडे कुणी फिरकत नसे. अमेरिकेतल्या योसेमिटीच्या दरीबाहेर एका ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, तो एकटाच राहायचा. गुडघे कामातून गेलेले, बायको केव्हाच सोडून गेलेली, आणि ज्याच्या दोराला आपला जीव बांधून जन्म काढला तो जोडीदारही गेल्या हिवाळ्यात वारला. त्यामुळे मार्नी नावाची पोरगी दारात उभी राहिली तेव्हा म्हाताऱ्याची धांदलच उडाली.

काम साधं होतं. तरुणपणी प्रुइटने एक उभा कडा सर्वांत आधी सर केला होता. त्याच्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यात दोर अडकवायला काही म्हणजे काही नव्हतं. हात सुटला की माणूस थेट खालच्या कातळावर. मार्नीला तिथे एक बोल्ट ठोकायचा होता. आणि कडे चढणाऱ्या या लोकांचा रिवाज असा, की कड्यावरची वाट ज्याने पहिल्यांदा काढली त्याला विचारल्याशिवाय तिच्यात एक खिळाही वाढवायचा नाही. सरकारी नियमांना भीक न घालणारी ही जमात हा रिवाज मात्र इमानेइतबारे पाळते.

प्रुइटची हरकत नव्हतीच. पण 'ठोक' म्हटलं असतं, तर पोरगी आल्या पावली परत गेली असती. विचार करून सांगतो, म्हणाला.

मग ती दर रविवारी येऊ लागली. डोनट आणायची, कॉफी करायची. तो जुन्या चढायांच्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगायचा, आणि बोल्टचा विषय निघाला की खिडकीबाहेर बघायचा. ती गेल्यावर त्याला स्वतःची लाज वाटे. पोरगी पडली तर? शेवटी त्याने ठरवलं, या रविवारी होकार द्यायचा, आणि म्हणायचं, तरीही येत जा.

रविवारी मार्नी आली ती खरचटलेल्या हातांनी, हसत.

"काल चढले. बोल्टशिवाय. तुम्ही चढलात तशीच."

"हात सुटला असता म्हणजे, पोरी?"

"नाही ना सुटला. तुम्ही तोंडाने नाही म्हणत नव्हता, पण बोल्ट तुमच्या मनात नाही, हे मला कळत होतं. बरोबरच होतं तुमचं." ती उठली. "आणि कॅम्पात चढणाऱ्या सगळ्यांना बजावून ठेवलंय. परवानगी मागायला आता कुणी प्रुइटकडे जायचं नाही. म्हाताऱ्याला सुखाने राहू द्या."

येत जा, हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. पण तिच्या नजरेत तो एवढा मोठा झाला होता, की ते बाहेर पडेनात. "शाब्बास," एवढंच तो म्हणाला, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तिच्या गाडीपर्यंत चालत गेला. तेवढीच सोबत.